पोथी आणि ओळंबा : महाराष्ट्रांतील यंत्रविद्येच्या शिक्षणाची कथा

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते हें गांव लागतें. त्याच्या पुढें पाचाड, आणि पाचाडाहून गडाची चढण. गडावर जगदीश्वराचें मंदिर आहे व त्याच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर हें नांव कोरलेलें आहे. शिवछत्रपतींच्या राजधानीचें बांधकाम ज्यानें सिद्धीस नेलें, त्यानें आपल्या नांवासाठीं पायरीचा दगड पसंत केला, ही गोष्ट महाराष्ट्रांत अभिमानानें सांगितली जाते. परंतु तिच्या पाठोपाठ जो प्रश्न यावयास हवा, तो सहसा कोणी विचारीत नाहीं. हिरोजी ही विद्या शिकला कोठें? १६७४ सालीं ज्या गडावर राज्याभिषेक झाला, तो गड उभारावयाचा तर दगडाची जात, चुन्याचा पाक, पाण्याचा निचरा आणि भिंतीवर येणारा भार ह्या सर्वांची अचूक पारख अवश्य होती. ती पारख देणारी पाठशाळा कोठेंच नव्हती. बापाकडून मुलाकडे आणि वस्तादाकडून उमेदवाराकडे ती हातोहात जात असे.

ही परंपरा थोर होती, पण तिला एक मोठें वैगुण्य जडलेलें होतें. शिल्पशास्त्राचे संस्कृत ग्रंथ देशांत होते. मात्र ते वाचणारा शास्त्री बहुधा हातांत टांकी धरीत नसे, आणि टांकी धरणाऱ्या पाथरवटाला ते ग्रंथ वाचतां येत नसत. एकाच्या हातीं पोथी व दुसऱ्याच्या हातीं ओळंबा, अशी ही वांटणी होती, आणि जातिभेदानें ती दगडी कुसवासारखी पक्की केली होती. लोहार, सुतार, गवंडी, कासार ह्यांचें ज्ञान त्यांच्या घराबाहेर पडत नसे व विद्वानांचें ज्ञान त्यांच्या घरांत शिरत नसे. गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रांत यंत्रविद्येचें जें शिक्षण वाढलें, त्याचा इतिहास म्हणजे ह्या कुसवाला पाडलेल्या खिंडारांचा इतिहास होय. त्यांतील कांहीं खिंडारें पुन्हां बुजलीं, हेंहि त्याच इतिहासांत येतें.

पहिला प्रयत्न एलफिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दींतच झाला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्या इंजिनिअर अधिकाऱ्यानें मुंबईंत एतद्देशीय तरुणांना बांधकामाची विद्या शिकविण्यासाठीं एक संस्था चालविली. गणित व भूमिति हे विषय मराठींत व गुजराथींत शिकवावयाचे, ह्या हेतूनें त्यानें पंडितांच्या साहाय्यानें ह्या भाषांत पुस्तकेंहि करविलीं. ज्याला इंग्रजी येत नाहीं त्यालाहि पूल बांधण्याचें शास्त्र शिकतां यावें, हा विचार त्या काळीं किती पुढचा होता, हें सांगावयास नको. पण ती संस्था अल्पायुषी ठरली आणि तिच्याबरोबर तो विचारहि मागें पडला.

त्यानंतरचें महत्त्वाचें साल १८५४. ह्या एका वर्षांत तीन घटना घडल्या. कावसजी दावर ह्यांनीं मुंबईंत कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली. विलायतेहून सर चार्ल्स वुड ह्यांचा शिक्षणविषयक खलिता आला. आणि पुण्यांत ‘इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ ह्या नांवाची शाळा सुरू झाली. पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास जाऊन जेमतेम वर्ष झालें होतें. सरकारला रस्ते, पूल, कालवे व इमारती ह्यांच्या कामांवर देखरेख करणारीं दुय्यम दर्जाचीं माणसें हवीं होतीं आणि तीं घडविण्यासाठींच ही शाळा होती. तिच्या पहिल्या नांवांत इंजिनिअरिंगचा वर्ग होता तशीच यंत्रशाळाहि होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८६६ मध्यें ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि तिचें ‘पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज’ झालें. प्रतिष्ठा वाढली, पण नांवांतून यंत्रशाळा गळाली.

हा केवळ नांवाचा बदल नव्हता. विद्यापीठाची परीक्षा कागदावर होत असते आणि कागदावर जें उतरत नाहीं त्याला गुण देणें परीक्षकाला अवघड जातें. त्यामुळें अभ्यासक्रमाचा ओघ आपोआप लेखी प्रश्नांकडे वळतो व कर्मशाळेंतील काम हें उपचारापुरतें उरूं लागतें. अर्थात् पुण्याच्या कॉलेजानें थोर माणसें घडविलीं. १८८३ सालीं तेथून पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे त्यांपैकींच होत. परंतु त्यांची विद्या पूर्णत्वास गेली ती मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत, नद्यांच्या कांठीं. १९०३ मध्यें खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. भिंतीची उंची न वाढवितां अधिक पाणी सांठवावें आणि पूर येतांच तें आपसूक वाट काढून जावें, ही त्यांतील युक्ति. पुराचें गणित पुस्तकांत होतें; पण पूर प्रत्यक्ष पाहिल्यावांचून ती सुचण्याजोगी नव्हती.

हा पेंच केवळ महाराष्ट्राचा नव्हता. १७९४ मध्यें पॅरिस येथें स्थापन झालेल्या ‘एकोल पॉलितेक्निक’नें गणित व शास्त्र हा इंजिनिअरिंगचा पाया ठरविला आणि सगळ्या युरोपनें त्या शाळेचा कित्ता गिरविला. पुढें १८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्यें व्हिक्टर देला-व्हॉस ह्यानें दुसरी वाट काढली. सुतारकाम, लोहारकाम, कांतकाम व जोडकाम ह्या प्रत्येक कसबाची त्यानें फोड केली, सोप्यापासून अवघडापर्यंत धड्यांची ओळ लावली आणि ते धडे गिरविण्यासाठीं कारखान्याहून वेगळी अशी शिक्षणाची कर्मशाळा उभी केली. वर्षांनुवर्षें उमेदवारी करून जें हातीं येई, तें आतां पुष्कळ विद्यार्थ्यांना एकदम व क्रमानें शिकवितां येऊं लागलें. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत ही पद्धति मांडली गेली, आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेचे अध्यक्ष रंकल ह्यांनीं ती पाहून अमेरिकेंत नेली. तरी तींत एक उणीव राहिलीच. विद्यार्थी दोन लांकडांचा सांधा उत्तम करी, पण तो सांधा कोणत्याच खुर्चीला लागत नसे. कानस कशी चालवावी हें कळे, पण ती कशासाठीं चालवावी हें कळत नसे. धडा आणि वस्तु ह्यांतील हें अंतर पुढें सर्वत्र जाणवत राहिलें.

मुंबईंत १८८७ मध्यें ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ निघाली. सर दिनशा पेटिट ह्यांच्या उदार देणगीनें तिला भायखळ्यास जागा मिळाली व १९२३ मध्यें ती माटुंग्यास गेली. गिरण्यांना लागणारे जाणते कारागीर व यंत्रज्ञ देणें, हा तिचा मुख्य उद्देश होता. ह्या गिरण्यांत राबणारे मजूर मोठ्या संख्येनें कोंकणांतून येत. रत्नागिरीचे येत, तसेच तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील महाड व पोलादपूर भागांतलेहि येत. भाताची कापणी उरकली म्हणजे बोटीनें किंवा पायीं मुंबई गांठावयाची आणि सांच्यावर उभें राहावयाचें, हा त्यांचा क्रम असे. यंत्राजवळ आयुष्य काढूनहि यंत्राचें ज्ञान त्यांच्या हातीं क्वचितच येई. १९९७ मध्यें ह्या संस्थेला वीरमाता जिजाबाईंचें नांव देण्यांत आलें. जिजाबाईंची समाधि नात्याच्या पुढें पाचाडासच आहे. ज्या डोंगरांतलीं माणसें गिरणीच्या दाराशीं मजूर म्हणून उभीं राहिलीं, त्या डोंगरांतलें एक नांव अखेर यंत्रविद्येच्या दारावर लागलें.

ह्या संस्थेंत यंत्राचें रेखन शिकविणारा एक तरुण शिक्षक होता. त्याचें नांव लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकला शिकण्यासाठीं तो मुंबईस आला, पण कांहीं रंगांतला भेद डोळ्यांना कळेना म्हणून कुंचला सोडून यंत्ररेखनाकडे वळला. पुढें नोकरी सोडून त्यानें बेळगांवास सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें आणि तेथूनच वैरण कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर बाहेर पडला. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें पहिल्या नांगरांना दोन वर्षें गिऱ्हाईक मिळालें नाहीं, असें सांगतात. रेखनाच्या वर्गांत नांगराची आकृति बरोबर आली म्हणजे काम संपतें. शेतांत मात्र आकृति बरोबर आल्यावर काम सुरू होतें. जमीन काळी आहे कीं मुरमाड, बैलांची ताकद किती, मोडलेला भाग गांवच्या लोहाराला बदलतां येईल कीं नाहीं, ह्या प्रश्नांचीं उत्तरें शेतकऱ्यानेंच द्यावयाचीं असतात. १९१० मध्यें औंधच्या अधिपतींनीं जागा दिल्यावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हां ती नांवानें कारखाना आणि प्रत्यक्षांत एक शाळाच झाली.

बडोद्याच्या मराठी राज्यकर्त्यानें हाच प्रश्न निराळ्या अंगानें हातीं घेतला. सयाजीराव गायकवाड ह्यांनीं १८९० मध्यें कलाभवन काढलें आणि त्याची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्यावर सोंपविली. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, रेखन अशीं तेथें अंगें होतीं. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचें व तांत्रिक पुस्तकेंहि त्याच भाषांत तयार करावयाचीं, असा गज्जरांचा आग्रह होता. जर्व्हिसच्या संस्थेबरोबर मागें पडलेला विचार येथें पुन्हां उभा राहिला. पुढें भारतीय चित्रपटाचे जनक झालेले धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनीं छायाचित्रणाचे धडे ह्याच कलाभवनांत घेतले होते. कसबी जातींच्या मुलांना शास्त्र मिळावें आणि शास्त्र शिकणाऱ्यांना कसब मिळावें, अशी दुहेरी दृष्टि ह्या योजनेंत होती.

तिसरा प्रयोग सरकारचाहि नव्हता आणि संस्थानिकाचाहि नव्हता. तो लोकांचा होता. अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थांनीं प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा अशी मागणी करीत गांवोगांव फिरून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. ह्या फंडांतून १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. परदेशीं जाऊन कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे चालक. हा कारखाना म्हणजेच शाळा होती. वाळू, सोडा व चुना ह्यांचें प्रमाण पुस्तकांत सांपडतें. पण भट्टींतील रसाचा रंग पाहून तो नळीवर केव्हां घ्यावा, किती फुंकावा आणि निवतांना वस्तु तडकूं नये म्हणून काय करावें, हें कांहीं क्षणांच्या आंत हातानेंच ठरवावें लागतें. तेथें केलेली वस्तु बाजारांत जात असे. म्हणून चूक लपत नसे. तळेगांवांत शिकलेले कारागीर पुढें देशांतील अनेक कांच कारखान्यांत गेले. मॉस्कोच्या पद्धतीनें जें साधलें नव्हतें, तें लोकांच्या एका पैशानें येथें साधलें. धडा व वस्तु हीं एकच झालीं.

मात्र ह्या साऱ्या शाळांच्या दारांतून आंत कोणाला जातां येत होतें, हा प्रश्न शिल्लकच होता, आणि त्याचें उत्तर पुन्हां महाडकडे नेतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां प्रश्न पाण्याचा होता तसाच प्रवेशाचाहि होता. जेथें सार्वजनिक तळ्यावर जाण्यास बंदी, तेथें यंत्राच्या विद्येची वाट मोकळी असणें शक्य नव्हतें. बाबासाहेबांना परदेशीं उच्च शिक्षणासाठीं १९१३ मध्यें साहाय्य केलें, तें कलाभवन काढणाऱ्या सयाजीरावांनींच. १९४२ च्या जुलैंत ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळांत मजूरमंत्री झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सरकारला सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्र व तंत्रशिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने व रेल्वे ह्यांत उमेदवारीची सोय व्हावी अशीहि मागणी केली. ही दुसरी मागणी अधिक मार्मिक होती. पदवी मिळाली तरी कारखान्याच्या आंत उमेदवार म्हणून उभें राहावयास जागा नसेल, तर ती विद्या अपुरीच राहते, हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तंत्रशिक्षणाला देशव्यापी स्वरूप आलें. १९४५ मध्यें अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि नलिनीरंजन सरकार समितीनें देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रसंस्था असाव्यात असें सुचविलें. त्यांपैकीं पहिली १९५१ मध्यें खरगपूर येथें सुरू झाली. मुंबईची पवई येथील संस्था १९५८ मध्यें निघाली. खरगपूरची संस्था उभी राहत असतां देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं ह्याच नाते गांवीं झाला. संस्कृतांत पहिली शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविणारा हा विद्यार्थी केंब्रिजला गेला तो मात्र वनस्पति, रसायन व भूगर्भ ह्या शास्त्रांच्या अभ्यासासाठीं. पोथी आणि प्रयोगशाळा हीं एकाच माणसांत नांदूं शकतात, ह्याचा असा दाखला विरळा. १९५६ ते १९६१ ह्या काळांत ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे नात्यांत जन्मलेल्या मुलाच्या हातीं देशांतील विद्यापीठांच्या अनुदानाचीं सूत्रें आलीं.

तथापि खुद्द नात्याच्या परिसरांत यंत्रविद्येचें मोठें पीठ यावयास १९८९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं राज्याच्या अधिनियमानें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झालें. महाडच्या उत्तरेस, माणगांव तालुक्यांतील लोणेरे येथें, मुंबई-गोवा रस्त्याच्या कांठीं तें उभें आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहभूमीच्या शेजारीं बाबासाहेबांच्या नांवानें तंत्रविद्येचें विद्यापीठ असावें, ह्यांतील औचित्य सांगण्याची जरूर नाहीं. २०१४ च्या नव्या अधिनियमानें ह्या विद्यापीठाला महाविद्यालयें संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळें लोणेऱ्यास आंखलेला अभ्यासक्रम आतां राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत चालतो. अभ्यासक्रम आंखणाऱ्यावर त्यामुळें फार मोठा भार आला आहे. कागदावर एक ओळ लिहिली कीं ती शेंकडों वर्गखोल्यांत शिकविली जाते. पण त्या ओळीमागची कर्मशाळा, तेथील यंत्रें आणि तीं चालवून दाखविणारा शिक्षक हीं ओळ लिहिल्यानें निर्माण होत नाहींत.

इंजिनिअरिंगच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थ्यानें एखादा प्रकल्प करावा, अशी योजना अभ्यासक्रमांत असते. दोनशे वर्षांच्या अनुभवाचें सार ह्या एका योजनेंत एकवटलेलें आहे, आणि ती निष्फळ होण्याचा धोकाहि तितकाच आहे. परीक्षकाला दाखविण्यासाठीं केलेली प्रतिकृति परीक्षा संपतांच अडगळींत जाते. ती मॉस्कोच्या त्या सांध्यासारखीच, कोणत्याच खुर्चीला न लागणारी. उलट ज्याला खरा उपयोगकर्ता आहे व ज्याची चूक कोणाला तरी भोंवणार आहे, तें काम विद्यार्थ्याला गणित, पदार्थ, खर्च आणि माणसें हे चारी विषय एकदम शिकवितें. किर्लोस्करांचा नांगर आणि तळेगांवची कांच ह्यांनीं हेंच दाखविलें.

असें काम शोधण्यासाठीं महाडच्या विद्यार्थ्याला दूर जावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानींतील दगडी पूल महापुरांत वाहून गेला, आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह अनेक माणसें नदीनें नेलीं. पुढच्याच वर्षीं, जून २०१७ मध्यें, तेथें नवा पूल वाहतुकीस खुला झाला. २२ जुलै २०२१ रोजीं ह्याच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं. त्याच दिवसांत महाड शहर पुरांत बुडालें होतें. पुलाच्या पायाखालची माती पुरानें किती खरवडली, डोंगराच्या उतारांत पाणी किती मुरलें, नदी किती वेगानें चढत आहे, हें मोजणारीं साधीं साधनें बनविणें, तीं प्रत्यक्ष पुलावर व डोंगरावर बसविणें, दर पावसाळ्यांत त्यांची नोंद ठेवणें आणि ती गांवकऱ्यांना कळेल अशा मराठींत सांगणें, हा अभ्यासक्रम कोणत्याहि परदेशी पुस्तकांतून उचलतां येणार नाहीं. त्याची प्रयोगशाळा सावित्रीच्या पात्रांत आहे आणि त्याचे परीक्षक नदीकांठीं राहतात.

यंत्रविद्येच्या शिक्षणाला महाराष्ट्रांत द्रव्य मिळालें, इमारती मिळाल्या, कायदे मिळाले आणि थोर माणसांचीं नांवेंहि मिळालीं. एवढ्यानें पोथी व ओळंबा एका हातांत आले असें मात्र म्हणतां येत नाहीं; ते प्रत्येक पिढीला, प्रत्येक कर्मशाळेंत, नव्यानें एकत्र आणावे लागतात. ज्या वर्षीं हें घडत नाहीं, त्या वर्षीं पदवी वाढते पण पूल वाढत नाहीं. रायगडच्या पायरीवर नांव कोरणाऱ्या हिरोजीला पदवी नव्हती. परंतु त्याच्या कामाची परीक्षा साडेतीनशे पावसाळ्यांनीं घेतली आहे. नात्यावरून गडाकडे निघालेल्या तरुणाला ह्याहून कठीण आणि ह्याहून न्यायी परीक्षक मिळणार नाहीं.